‘हुशार’ या शब्दाची झडती

१

“तुम्हाला सरकार देतंच की शिष्यवृत्ती. मग परीक्षेला कशाला बसतोस?”

मी सातवीत असताना आमच्या वर्गशिक्षकांनी भर वर्गात मला विचारलेला हा प्रश्न आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवायच्या मुलांची यादी ते करीत होते. त्यांनी आठ नावे घेतली. नववा हात माझा होता. गुरुजी हसून वरील वाक्य बोलले, वर्ग हसला आणि मी हात खाली घेतला.

गुरुजींच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी आजही सांगू शकतो. त्यांनी मला कधी वेगळे बसवले नाही. सणाला जुने कपडे दिले. आईची विचारपूस ते करीत. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाचा विचार करणे मला अगत्याचे वाटते. दुष्ट माणसाने केलेला अन्याय चटकन ओळखू येतो. भल्या माणसाच्या डोक्यात बसलेला गैरसमज मात्र आयुष्यभर पुरतो आणि त्याच्याबद्दल तक्रारही करता येत नाही.

गुरुजी दोन शिष्यवृत्त्यांची गल्लत करीत होते. सरकार देते म्हणून ते ज्या शिष्यवृत्तीकडे बोट दाखवीत होते ती मॅट्रिकनंतरची. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. सातवीतल्या मला तिच्यातला एक पैसाही मिळालेला नव्हता. पण गल्लत पैशांची नव्हतीच. तिच्यामागचा हिशेब असा होता : एक शिष्यवृत्ती जातीची, दुसरी बुद्धीची, ज्याच्याकडे जात आहे त्याला बुद्धीच्या रांगेत उभे राहण्याचे कारण काय?

मी घरातला पहिला पदवीधर. आज एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत रोज ‘हुशार’ हा शब्द ऐकतो, स्वतः वापरतो. “यंदाच्या बॅचला हुशार पोरं नाहीत”, “ती पोरगी हुशार आहे, पण घरचं वातावरण नाही”, “तो त्या समाजातला असूनही हुशार आहे.” या तिन्ही वाक्यांत हुशारीबद्दलची एकेक समजूत दडलेली आहे. ह्या समजुती तपासाव्यात आणि त्या आपल्या समीक्षेतही कशा शिरल्या आहेत ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

शिक्षकाच्या मनातला हुशार मुलगा कसा असतो? त्याचे अक्षर वळणदार असते. तो ‘पाणी’ म्हणतो, ‘पानी’ म्हणत नाही. वह्यांना कव्हर घालतो. विचारल्यावरच बोलतो. पाढे पाठ असतात आणि गणित पुस्तकातल्या पायऱ्यांनी सोडवतो. त्याच्या घरी अभ्यासाला कोपरा असतो आणि पालकसभेला त्याचे वडील इस्त्रीचा सदरा घालून येतात.

यातला एकही गुण बुद्धीचा नाही. हे गुण घराचे आहेत. ज्या घरात दोन पिढ्या पुस्तक आहे त्या घराची ही सवय आहे, आणि शिक्षक बहुधा तशाच घरातून आलेला असल्यामुळे त्याला ती ओळखीची वाटते. ओळखीचे वाटणे म्हणजेच हुशारी दिसणे, असा हा मामला आहे.

माझे वडील मोंढ्यात हमाल होते. सुटीच्या दिवशी मी त्यांचा डबा घेऊन जाई. किती कट्टे उतरले, हमाली किती, तोलाई किती, अडत्याने किती कापून घेतले, हा हिशेब तिथे बसून तोंडी होत असे. मुनीम चूक करी तेव्हा वडील त्याला अडवीत. त्यांना अक्षर येत नव्हते. मी गुणाकार तिथे शिकलो. पाचवीत मी एका उदाहरणाचे उत्तर फळ्यावर पायऱ्या मांडण्याआधीच सांगितले, तेव्हा मला विचारण्यात आले, “कुणाचं बघून सांगितलंस?” मी म्हणालो, “कुणाचंच नाही.” “मग पायऱ्या कुठायत?” पायऱ्या नव्हत्या. उत्तर बरोबर होते, पण ते ज्या वाटेने आले ती वाट शाळेच्या नकाशावर नव्हती. मला उभे करण्यात आले. त्या दिवसापासून मी उत्तर आले तरी पायऱ्या जुळेपर्यंत गप्प बसायला शिकलो. अशा गप्प बसलेल्या मुलांना पुढे ‘मंद’ म्हटले जाते.

भाषेचेही तसेच. “ढग व्हतेत, मंग पाऊस का न्हाई पडत?” असे एखादे पोर विचारते. प्रश्न पहिल्या प्रतीचा आहे. पण गुरुजी आधी ‘व्हतेत’ दुरुस्त करतात, मग ‘मंग’ दुरुस्त करतात, आणि एवढ्यात तास संपतो. पोर यातून एवढेच शिकते की ढगांविषयी विचारणे हा गुन्हा आहे.

आपल्या परंपरेत याची दोन मोठी उदाहरणे आहेत. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता ही मांगाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळेची थोडीच वर्षे पदरी असलेल्या ह्या मुलीने त्या निबंधात थेट धर्माला प्रश्न विचारले. प्रस्थापित घरात असा मजकूर लिहिणाऱ्या मुलीला ‘उद्धट’ म्हटले गेले असते. जोतीरावांच्या शाळेने ते लिहवून घेतले. एकाच पोरीला एक शाळा उद्धट ठरवते आणि दुसरी शाळा लेखिका बनवते, तेव्हा फरक पोरीत शोधायचा की शाळेत?

दुसरे उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. १९२० साली वाटेगावात जन्मलेल्या अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची, हे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान अण्णा भाऊंचा असावा हे ठीकच. ‘फकिरा’ लिहिणारा माणूस दीड दिवसात शाळेबाहेर जातो, ही शाळेच्या दृष्टीने मात्र लाजेची गोष्ट आहे. त्या दीड दिवसात त्या वर्गात बसलेल्या प्रतिभेची नोंद घेण्यासारखे शाळेकडे काहीच नव्हते. आणि अण्णा भाऊ शाळेशिवाय मोठे झाले म्हणून सगळेच होतील असे म्हणणे म्हणजे पुरातून एक जण पोहून निघाला म्हणून पूल बांधायला नको असे म्हणण्यासारखे आहे.

३

शिक्षक म्हणतील, आमचा अंदाज चुकत असेल, पण गुण खोटे बोलत नाहीत. बुद्धी मोजता येते. ह्या मोजण्याचा इतिहासच पाहू.

बुद्धिमापनाची पहिली उपयोगी चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमॉन यांनी १९०५ साली तयार केली. कोणत्या मुलांना शाळेत जादा मदतीची गरज आहे हे कळावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी चीज आहे या मताला बिने यांनी १९०९ साली ग्रंथ लिहून विरोध केला. १९११ साली ते वारले. त्यांची चाचणी अमेरिकेत गेली आणि तिथे तिचा हेतूच फिरवला गेला. १९१६ साली लुइस टर्मन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची नवी आवृत्ती केली. टर्मन हे बुद्धी आनुवंशिक मानणारे व सुप्रजननवादाचे पुरस्कर्ते होते. मदत कोणाला द्यावी हे शोधणारे साधन आता श्रेष्ठ कोण हे ठरवू लागले.

टर्मननी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार ‘असामान्य’ मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. मुले निवडली कशी? आधी शिक्षकांना विचारले की तुमच्या वर्गातली सर्वांत हुशार मुले सांगा, आणि मुख्यतः अशा मुलांच्या चाचण्या घेतल्या. म्हणजे चाळणी मुळात शिक्षकाच्या डोळ्याची. चाचणीत कमी पडल्यामुळे ह्या अभ्यासातून वगळल्या गेलेल्यांमध्ये विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुले होती. शॉक्ली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी एकालाही ते मिळाले नाही. गंमत अशी की चाचणीने ज्यांना नाकारले तेच शॉक्ली उतारवयात काळ्या लोकांची बुद्धी वंशानेच कमी असते असा प्रचार करीत फिरले. मोजपट्टीने ज्याला फसवले तोही तिची पूजा करतो. हे आपल्याकडच्या वाचकाला नवे वाटू नये.

आता आपल्या घरचा दाखला. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. शेकडा अडतीसही भरत नाहीत. आजच्या कोणत्याही गुणवंतांच्या सत्कारात त्याला खुर्ची मिळाली नसती. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. त्या २८२ गुणांत काय मोजले गेले नाही, हे पाहा. संस्कृत शिकायची इच्छा असून ते शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. शिक्षकांनी फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळू नयेत म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली. परळच्या चाळीत एका खोलीत घर होते. यातले काहीही गुणपत्रिकेवर छापले जात नाही. गुणपत्रिका उत्तर मोजते. उत्तरापर्यंत येताना कोणाला किती भिंती ओलांडाव्या लागल्या, ते मोजत नाही.

‘उपजत बुद्धी’ हा शब्द म्हणूनच मला संशयास्पद वाटतो. जन्माने योग्यता ठरते हे मत आपल्या देशात टर्मनच्या आधी दोन-अडीच हजार वर्षे नांदते आहे. जातिव्यवस्थेला वंशशुद्धीच्या शास्त्राचा आधार देऊ पाहणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणातच घेतला आहे. मुलामुलांत फरक नसतो असे मी म्हणत नाही. एखादे मूल गणितात, एखादे गाण्यात, एखादे माणसे ओळखण्यात पुढे असते, हे कोणताही शिक्षक जाणतो. पण तो फरक जातीच्या आणि घराच्या रेषेवरून शोधायला लागलो की आपण परीक्षकाच्या वेषातले भटजी होतो.

याला आता प्रयोगांचाही दुजोरा आहे. १९६८ साली रोझेन्थाल व जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. एका शाळेतली काही मुले त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितले की ही मुले लवकरच चमकणार आहेत. वर्षअखेर खालच्या वर्गांतली ती मुले खरोखरच इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. त्यांच्या मोजमापावर पुढे पुष्कळ वाद झाले. पण त्यात एक दुर्लक्षित निष्कर्ष आहे, तो मला अधिक बोलका वाटतो. ज्यांच्याकडून काही अपेक्षाच नव्हती अशा ‘ढ’ तुकडीतल्या मुलांनी प्रगती केली, तेव्हा शिक्षकांनी त्यांना चांगले म्हटले नाही, उलट ती नकोशी वाटू लागली. अपेक्षेबाहेर हुशार होणे हाही अपराध ठरतो.

दुसरा प्रयोग उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. ३२१ उच्च मानलेल्या जातींची व ३२१ कनिष्ठ मानलेल्या जातींची शाळकरी मुले घेऊन त्यांना कागदावरची वाटकोडी सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. सर्वांसमक्ष नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र खालच्या मानलेल्या जातींची मुले मागे पडली. मुले तीच, कोडी तशीच. फक्त हजेरी वेगळ्या रीतीने घेतली होती.

४

आता साहित्याकडे येतो, कारण हा प्रश्न आपल्या समीक्षेचाही आहे.

‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यानंतर ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ अशी आत्मकथनांची रांगच लागली. ह्या प्रत्येक पुस्तकात एक शाळकरी मूल आहे. प्रस्थापित समीक्षेने त्या मुलाची भूक पाहिली, फाटकी चड्डी पाहिली, त्याचा अपमान पाहिला आणि हळहळ व्यक्त केली. आपल्या समीक्षकांनी त्या भुकेचे सामाजिक कारण दाखवले आणि विद्रोहाची मीमांसा केली. दोन्ही आवश्यक होते. पण त्या मुलाची बुद्धी कोणी वाचली? हे मूल काय निरीक्षण करते, कसला ताळा लावते, गुरुजींच्या खोटेपणाला कुठे पकडते, भाषा कशी उचलते, याचा अभ्यास आपण जवळजवळ केलाच नाही. ज्याने मोठेपणी असे पुस्तक लिहिले ते मूल लहानपणी नुसतेच उपाशी होते, असे कसे असेल? दलित आत्मकथन हा भुकेचा दस्तऐवज आहे तसाच तो शाळेने न ओळखलेल्या बुद्धीचाही दस्तऐवज आहे. आपण त्याचे निम्मेच वाचन केले.

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) या दृष्टीने पुन्हा वाचावे. आपल्या संस्कृतच्या शिक्षणाची कहाणी त्या सांगतात. भेदभाव न करता शिकवणारे गोखले गुरुजी त्यांना भेटले, ही नोंदही त्या प्रांजळपणे करतात. पण त्या लेखनातला खरा सल वेगळा आहे. सभा-समारंभात त्यांची ओळख करून देताना लोक कौतुकाने थक्क होतात : महाराची मुलगी आणि संस्कृत शिकवते! हे कौतुक वरून गोड आणि आतून विषारी आहे. ज्याला आश्चर्य वाटते त्याने नियम आधीच ठरवून टाकलेला असतो. अपवाद म्हणून केलेला गौरव त्या नियमालाच बळकट करतो. ‘त्या समाजातला असूनही हुशार’ या वाक्यातला ‘असूनही’ हा शब्द मला शिवीपेक्षा जड वाटतो, कारण शिवीला उत्तर देता येते.

ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) गुरुजी शाळकरी मुलीला शेण काढायला लावतात आणि बांबूच्या टोपल्या विणणारी आई त्यांना रस्त्यावर जाब विचारते, तो प्रसंग आठवा. आपली पोर शाळेत शेण काढायला जात नाही, शिकायला जाते, हे ज्याला कळायला हवे होते त्याला ते एका निरक्षर बाईने सांगावे लागले. वर्गातली पोर गुरुजींना फक्त हात म्हणून दिसत होती.

बाबासाहेबांच्याच चरित्रात हे दोन प्रकारचे शिक्षक शेजारी शेजारी उभे आहेत. साताऱ्याच्या शाळेतले एक गुरुजी मधल्या सुटीत आपल्यातली भाजी-भाकरी त्यांना देत. बाबासाहेबांनी ती आठवण कृतज्ञतेने जपली आणि ती जपण्यासारखीच आहे. त्या काळात तेवढी माया दाखवायलाही धैर्य लागत होते. दुसरे कृष्णाजी अर्जुन केळुसकर. हे बाबासाहेबांच्या शाळेतले शिक्षकही नव्हते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली आणि त्याला पुस्तके पुरवली. तो मॅट्रिक झाल्यावर सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, तिथे केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. पुढचे शिक्षण अडले तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत जाऊन दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळुसकरांनी २८२ हा आकडा पाहिला नाही. त्यांनी पाहिले की हा मुलगा शाळा सुटल्यावर घरी न जाता काय करतो.

साताऱ्याच्या गुरुजींना मुलाची भूक दिसली, केळुसकरांना त्याची बुद्धी दिसली. मराठी शाळेला आणि मराठी समीक्षेला साताऱ्यापर्यंत पोचायलाच शंभर वर्षे लागली. बागेपर्यंत ती अजून पोचलेली नाहीत. बाबासाहेबांनी १९५६ साली बुद्धाच्या धम्मातील तीन तत्त्वे एकत्र सांगितली : प्रज्ञा, करुणा, समता. आमच्या वाट्याला करुणा आली, तीही जुन्या कपड्यांच्या रूपात. प्रज्ञेची शक्यताच कोणी गृहीत धरली नाही, आणि म्हणून समताही आली नाही.

५

इथवर मी दुसऱ्यांची झडती घेतली. आता स्वतःची देतो.

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. आई-वडील ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर ती वर्गात दिसेनाशी होई आणि कारखाने बंद होता होता परत येई. मी तिच्या नावापुढे मनातल्या मनात ‘अनियमित’ असा शिक्का मारला होता. ग्रामीण कादंबरीवर मी लेख लिहायला सांगितला, तेव्हा तिने लिहिले की ह्या कादंबऱ्यांतले चांदणे मालकाच्या शेतातले आहे. थळातल्या माणसाला चांदणे म्हणजे ट्रक भरायला मिळालेला उजेड. चांदणे पडले की मुकादम झोपू देत नाही. म्हणून ज्या लेखकाला चांदण्यात झोप लागते, त्याने गाव पाहिले पण गावातले काम पाहिले नाही.

असे समीक्षेचे वाक्य मी स्वतः आजवर लिहिलेले नाही. मी तांबड्या शाईने समासात लिहिले : “कोठून उतरवले?”

ती वही घेऊन आली. रागावली नव्हती. म्हणाली, “सर, त्या पुस्तकाचं नाव सांगा. मलाबी वाचायचंय.”

पाचवीत मला विचारलेला प्रश्न मी वीस वर्षांनी जसाच्या तसा परत विचारला होता. फक्त खडूऐवजी पेन होते. मी माफी मागितली, ती “असू द्या सर” म्हणाली. पुढच्या वर्षी तिने नाव घातले नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, त्यामुळे मुलामुलींची लग्ने लवकर उरकतात. तिचेही उरकले, असे तिच्या मैत्रिणीकडून कळले. मी वेळेवर तिची बुद्धी ओळखली असती तर ते लग्न थांबले असते असा दावा मी करणार नाही. पण त्या घरात जाऊन “ही पोरगी शिकली पाहिजे” असे सांगणारा एकही माणूस नव्हता, आणि तो माणूस होण्याची पाळी माझी होती.

रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांवर मुलांच्या जाती मनाला येतील तशा बदलून लावल्या आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालची जात लिहिलेल्या पत्रिकांना किंचित का होईना, कमी गुण पडले. इथपर्यंत आपण माना डोलावू. पण पुढे असे दिसले की हे कमी गुण मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतल्या शिक्षकांकडून पडले होते.

हा निष्कर्ष वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. आपल्या विरोधकांच्या हातात कोलीत जाईल म्हणून तो झाकावा असे काही मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. आपण शाळेत शिरलो, पदव्या घेतल्या, खुर्चीवर बसलो. पण पाहायचा चष्मा त्यांचाच राहिला. उलट आपण तो अधिक घट्ट बांधला. आपल्या पोरांवर मेहेरबानी करतो असे कोणी म्हणू नये म्हणून आपण त्यांच्याशी अधिक कडक वागतो. आपण इतक्या कष्टाने पायऱ्या शिकलो की आता पायऱ्यांशिवाय आलेले उत्तर आपल्यालाच चोरीचे वाटते.

६

राहता राहिला एक भ्रम, सर्वांत लोकप्रिय : खरी बुद्धी कशीही वर येतेच, तिला कोणाची गरज नसते. आपल्या सभांतूनही हे बोलले जाते आणि पुरावा म्हणून बाबासाहेबांचे नाव घेतले जाते. चरित्र नीट वाचणारा असे बोलणार नाही. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींकडे हात पसरणारे, दागिने गहाण टाकणारे रामजी सुभेदार, बागेतले केळुसकर, दरमहा पंचवीस रुपये आणि १९१३ साली कोलंबियाला पाठवणारी बडोद्याची शिष्यवृत्ती यांतले एकेक काढून पाहा. जे वर आले त्यांची चरित्रे आहेत. जे आले नाहीत त्यांची गणतीच नाही, म्हणून ‘बुद्धी वर येतेच’ हे विधान खोडता येत नाही आणि खरेही ठरत नाही.

शासनानेही ही गोष्ट एकदा मान्य केली आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानुसार ग्रामीण भागातील प्रज्ञावान मुलांसाठी नवोदय विद्यालये निघाली. पहिली दोन १९८५-८६ मध्ये झज्जर आणि आपल्या अमरावतीला सुरू झाली. पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण, हे सर्व चांगले आहे. त्यांतून आपली कितीतरी मुले पुढे गेली. पण प्रवेशपरीक्षेपर्यंत मुलाला कोण नेते? गावातला शिक्षकच. त्याने यादीत आठच नावे घेतली तर नवव्याला अर्ज कुठे मिळतो हेही कळत नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे सांगणे साधे आहे. परीक्षांची माहिती सगळ्या वर्गाला द्या, निवडक मुलांना नको. पोराचे वाक्य पुरे होऊ द्या, मग ‘ण’ दुरुस्त करा. पायऱ्यांशिवाय उत्तर आले तर “कसं काढलंस?” असे विचारा, “कुणाचं बघितलंस?” असे नको. पहिल्या प्रश्नाने पोर बोलते आणि दुसऱ्याने कायमचे गप्प होते. जे पोर त्रास देते, वाद घालते, तास कंटाळवाणा झाला की खिडकीबाहेर पाहते, त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहा. आणि समीक्षक मित्रांनी आत्मकथनांतले ते शाळकरी मूल नव्याने वाचावे. त्याच्या हातातली भाकरी आपण पुष्कळ मोजली. त्याच्या डोक्यात त्या वेळी काय चालले होते, तेही आता लिहिले पाहिजे.

त्या मुलीची वही माझ्याकडे राहिली आहे. “कोठून उतरवले?” हे शब्द मी खोडलेले नाहीत. दर वर्षी नवा वर्ग सुरू होण्याआधी ते पान मी एकदा वाचतो आणि मग हजेरीपट उघडतो.